ओटीचा तळ

पारोळ्याच्या रुग्णालयात, क्ष-किरण खोलीच्या पलीकडं,
जिथं पूर्वी झाडू आणि फिनेलचे डबे ठेवायचे
तिथं आमचं यंत्र आहे.
पंखा बंद ठेवावा लागतो. पंख्याची वीज
आलेखात मुंग्यांसारखी शिरते.
मे महिना, त्रेचाळीस अंश,
आणि पडद्याआड सुपडाबाई बडगुजर, वय बावन्न,
बाळंतपणं पाच, त्यातली चार घरी.
संमतीपत्रावर सही केली तिनं, मोठी, सावकाश,
शेवटच्या अक्षरावर रेघ ओढायला विसरली नाही.
क्रमांक सत्तावीस.

अर्जावर शब्द आहे श्रोणितल.
तो मी कुणासमोर उच्चारत नाही.
बाया म्हणतात "खालचं", आणि फरशीकडं बघतात.
सुपडाबाई म्हणाली,
"खोकलं का गळस, हासलं का गळस,
म्हनीसन मी हासनंच सोडी दिन्हं."
हे सांगताना हसली
आणि पटकन मांडीवर मांडी घेतली.

अंगठ्याएवढा प्रोब, प्रत्येकीला नवा.
तो तिचा तिनंच बसवला. मी भिंतीकडं तोंड केलं,
भिंतीवर अजून झाडूच्या खिळ्याचं भोक.

सूचना प्रत्येकीला एकच द्यायची, कागदावरून, एका आवाजात :
लघवी अडवल्यासारखं आवळा. पाच सेकंद.
सोडा. दहा सेकंद.
तिचं पोट आत गेलं, मांड्या ताठरल्या,
दात आवळले, कपाळावर घाम आला,
रेष मात्र वैशाखातली बोरी नदी.
पुन्हा.
पुन्हा.
"माले जमत नही, ताई. किती मार्क पडनात?"
दोन मायक्रोव्होल्ट, मी म्हटलं.
"दोनमा काय येस?"

आमच्याकडं ओटी भरतात. खण, नारळ, मूठ मूठ गहू,
सातव्या महिन्यात, माहेराहून निघताना,
कुणाच्याही दारातून उठताना.
भरणारीनं आजवर
तळ कसा आहे, विचारलेलं मला आठवत नाही.
मीही विचारलं नव्हतं.
यंत्र आलं त्या दिवशी पहिला आलेख माझा काढला,
तपासणीपुरता म्हणून.
तिसऱ्या सेकंदालाच ढासळला होता.
त्याला क्रमांक नाही.

वेळ जावा म्हणून विचारलं, काम काय करता?
मांडे. लग्नाचे, उत्तरकार्याचे,
चुलीवर पालथं खापर, एका बैठकीला शंभर.
कसे हो, म्हटलं, दाखवा.
पडल्या जागीच तिनं हात उचलले,
नसलेला उंडा मनगटांवर घेतला,
ह्या हातावरून त्या हातावर, मोठा, अजून मोठा,
पलीकडचा पडदा दिसेल इतका पातळ,
आणि श्वास धरून खापरावर टाकला.

रेष उठली.
हात हलायच्या आधी उठली,
पापणी लवायला लागतो त्याहून थोडी आधी.
चौदा. अठरा. एकवीस.
मी पडदा सारून यंत्र तिच्याकडं वळवलं.
"हाई मी?"
तुम्हीच.
तिनं काचेवर बोट ठेवलं, चटक्याच्या जुन्या डागांचं,
आणि चढावरून हळू वर नेलं.
"मंग रोज मांडा करू का?"
मांडे नाहीत हो. फक्त ते, हातांच्या आधी होतं ते.
थोडा वेळ गप्प राहिली.
"हातना पहिलेनं," म्हणाली.
त्याला "खालचं" सोडून दुसरं नाव
मी पहिल्यांदाच ऐकलं.

नियमावलीत मांडे नाहीत.
शेऱ्याच्या रकान्यात अडीच ओळी लिहिल्या;
सर म्हणतील, वगळा, प्रमाणित नाही.
बरोबरच म्हणतील. सव्विसांना मी हे विचारलं नव्हतं.

अठ्ठावीस नंबर बाहेर केस सोडून वारा घेत बसलेली.
पाच मिनिटं पंखा लावला,
मुंग्या आल्या काचेवर, धावल्या.
दार लोटलेलं होतं.
खुर्चीत बसल्या बसल्या मी दोन्ही हात उचलले,
मनगटं वाकवली,
आणि हलवायच्या आधी थांबले.